गच्चीवरचा अडथळा

चष्मेवाल्यांनी उपग्रहाच्या इंटरनेटची डिश मागवली, आणि डिश यायच्या आधी तिच्याबद्दलची मतं इमारतीत येऊन पोचली.

कुणी म्हणालं तिच्यातून किरण निघतात. कुणी म्हणालं निघत नाहीत, शिरतात. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना एवढंच जाणून घ्यायचं होतं की ती आपल्या घरात बघू शकते का. आणि बघू शकत नसेल, तर मग ती एवढ्या महागाची कशी. हवामान खात्यातून निवृत्त झालेले काका म्हणाले, उपग्रहांशी माझा उभा जन्म संबंध आला आहे, काही अडलं तर विचारा. काकांनी नोकरीत असताना सांगितलेला पाऊस अजून यायचा होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. पण म्हणून काका सांगायचे थांबले नाहीत.

डिश मागवायचं कारण गल्लीच्या तोंडाशी होतं. तिथे गटाराचं काम निघालं होतं, आणि काम करणारे जमिनीखालची इंटरनेटची वायर अशा निष्ठेने तोडत होते की त्यांना तेवढंच काम दिलं असावं. वायरवाल्या कंपनीला फोन केला की एक मधाळ आवाज सांगायचा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग बासरी. ज्याला महत्त्वाचं मानतात त्या माणसाला कुणी अर्धा तास बासरी ऐकवत बसवत नाही. हे म्हणजे सरळ तोंडावर खोटं बोलणं आहे, आणि तेही सुरात.

चष्मेवाल्यांचं स्वतःचं काही अडत नव्हतं. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि लोकांचे डोळे तपासायला इंटरनेट लागत नाही. अडत होतं त्यांच्या बायकोचं.

बायको खुणांच्या भाषेची दुभाषी. दवाखान्यात एखादा ऐकू न येणारा माणूस आला की डॉक्टर बोलणार, ही पडद्यावरून त्याला हातांनी सांगणार, तो हातांनी म्हणेल ते ही डॉक्टरांना तोंडाने सांगणार. आजवर ती बदली म्हणून जायची; कुणी आजारी पडलं, कुणी रजेवर गेलं, की हिला बोलावणं. आता कायमची जागा निघाली होती, घरबसल्या करण्याची. घरी गुडघे धरून बसलेली तिची आई होती, तिला सोडून रोज बाहेर पडणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणजे ही जागा मिळाली तर मिळाली. आणि चाचणीत नेमकं चित्र अडकलं. परीक्षक बाई भल्या होत्या, त्यांनी एकदा पुन्हा संधी देते म्हणून सांगितलं. पण हेही सांगितलं, की डॉक्टर 'ही गोळी घेऊ नका' म्हणत असताना तुमचे हात 'ही गोळी'वर अडकले, तर माणूस गोळी घेऊन मोकळा होईल. त्यामुळे यानंतर नाही.

म्हणून डिश.

ती बसवायला जो तंत्रज्ञ आला त्याने गच्चीवर फेरी मारली आणि म्हणाला, "उंच खांब ठोकू. वर एकदम निवांत बसेल."

"भोक पडणार नाही," मागून आवाज आला.

हे इमारत समितीचे सचिव. त्यांना सगळे पाठीमागे कलमराव म्हणायचे आणि ते त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. समिती म्हणजे काय, तर ज्यांचं घरात कुणी ऐकत नाही अशा माणसांनी इमारतीला ऐकायला लावण्यासाठी काढलेली सोय. कलमरावांनी नियमावली काखेतच आणली होती.

"गच्चीला भोक पाडायला सर्वसाधारण सभा लागते," ते म्हणाले. "सभेला गणसंख्या लागते. गणसंख्या कधी होत नाही."

"मग भोकं पडतच नाहीत का?" तंत्रज्ञाने विचारलं.

"माझ्या कारकिर्दीत एकही नाही," कलमराव अभिमानाने म्हणाले.

शेवटी डिश एका बुटक्या स्टँडवर, गच्चीच्या फरशीवर ठेवली. पांढरी, चपटी, चहाच्या मोठ्या ट्रेएवढी, आणि गुडघ्याच्या उंचीची. तंत्रज्ञाने हत्यारं आवरली आणि जाता जाता सांगितलं, "हिला बाकी काही नको. फक्त चहूबाजूंचं मोकळं आभाळ दिसू द्या."

हे वाक्य चष्मेवाल्यांनी ऐकलं होतं. मान डोलावून ऐकलं होतं. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवा.

संध्याकाळी बायको तिच्या मैत्रिणीबरोबर पडद्यावर सरावाला बसली. मैत्रीण स्वतः ऐकू न येणारी, त्यामुळे सराव पक्का. सासूबाई पलंगावर, त्यांच्या उशाशी इंटरनेटची छोटी पेटी. पेटीवरचा दिवा पांढरा असला की चालू, लाल झाला की बंद, एवढं त्यांना समजावून दिलं होतं.

"पण जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या वरून येतंय, तर त्याला आपलं घर कसं सापडतं?"

"त्यात काय आहे आई," चष्मेवाले म्हणाले, "त्याच्याकडे आपला पत्ता असतो."

"पत्ता असून पोस्टमनला सापडत नाही."

चष्मेवाले काही बोलणार इतक्यात बायको ओरडली, "अहो, गेलं!"

आता, झालं होतं एवढंच, की वरचे उपग्रह एका जागी थांबत नाहीत. एक पुढे गेला की दुसरा हात देतो, आणि देताना कधीमधी क्षणभर अडखळतो. आपोआप सुरळीत होतं. पण 'आपोआप' हा शब्द चष्मेवाल्यांच्या स्वभावात नव्हता. ते जिना चढून धापा टाकत गच्चीवर गेले. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं म्हणून बरं. डिशजवळ वाकले, आणि दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघतात तसं तिच्यात खोलवर बघितलं. काही दिसलं नाही. चष्मा काढून बघितलं. पुसून, पुन्हा घालून बघितलं. मग खाली आले.

"आत्ता आलं बघा," बायको म्हणाली. "काय केलंत?"

"बघितलं," चष्मेवाले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच. गेलं, वर गेले, बघितलं, खाली आले, आलं. तिसऱ्या दिवशीही. चष्मेवाल्यांना आपल्या अंगात काहीतरी आहे याचा संशय आधीपासून होता, आता खात्री पटली. शिवणकामवाल्या काकूंनी तर जिन्यात सगळ्यांना सांगून टाकलं, की चष्मेवाल्यांचा हातगुण आहे, नुसतं बघितलं तरी मशीन सुधारतं. त्यांनी आपलं शिलाई मशीनही बघून जायला सांगितलं. चष्मेवाले गेले. दोरा चुकीचा ओवला होता तो नीट ओवल्यावर मशीन चालू झालं, आणि श्रेय मात्र बघण्याला मिळालं. असं असतं. माणसाला फुकटचं श्रेय मिळायला लागलं की तो हिशेब तपासत नाही. आणि तो रोज लोकांची नजर तपासून पोट भरत असेल तर मुळीच नाही.

एक गोष्ट मात्र कुणाला जुळवता आली नाही. एरवी इंटरनेट क्षणभर जायचं, आणि चष्मेवाले वर गेल्यावर चांगलं दहा दहा मिनिटं जायचं.

"उलट आहे," चष्मेवाल्यांनी बायकोला समजावलं. "मोठा बिघाड होणार असतो म्हणूनच मी वर जातो."

एका संध्याकाळी मैत्रिणीने फोटो पाठवला. तिच्या पडद्यावर बायको थिजली होती तेव्हाचा. डोळे अर्धे मिटलेले, तोंड किंचित उघडं, दोन्ही तळवे कमरेपाशी, आभाळाकडे वळलेले.

"हे तू काय म्हणतेयस?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"म्हणत नाहीये. म्हणणार होते. तुमच्या डिशने मध्येच तोंड दाबलं."

"पण काय म्हणणार होतीस?"

"लग्न झाल्या झाल्या शिकवते म्हटलं होतं. तेव्हा तुम्हाला वेळ नव्हता."

हे खरं होतं, आणि उघडउघड लाजिरवाणं होतं. ज्या बाईबरोबर संसार केला तिच्या हातांतलं एक वाक्य या माणसाला वाचता येत नव्हतं. आणि येत नाही याचं त्याला आजवर काही वाटलंही नव्हतं. पण आता तो फोटो डोक्यात जाऊन बसला. काय बरं असेल? 'द्या' असेल? 'माझ्याकडे काही नाही' असेल? दुकानातल्या आरशासमोर त्यांनी तळवे तसे धरून बघितले. समोर चष्मा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने गुपचूप खिशात हात घातला आणि म्हणाला, "आधीच द्यायचे का?"

चाचणी जवळ आली तशा चष्मेवाल्यांच्या गच्चीवरच्या फेऱ्या वाढल्या. कंपनीचं ॲप त्यांनी फोनवर घेतलं होतं. गच्चीवर डिशपाशी उभं राहून ते उघडलं की त्यात हमखास लाल अक्षरं यायची: 'अडथळा आढळला.'

"कसला?" चष्मेवाले फोनला विचारत. फोन सांगत नसे.

कंपनीला फोन लावला. इथे बासरी नव्हती, सतार होती. शेवटी एक तरुण आवाज आला.

"सर, तुमच्या डिशसमोर काहीतरी आहे."

"काय आहे?"

"ते इथून दिसत नाही, सर."

"उपग्रहावरून माझं घर दिसतं, आणि समोर काय आहे ते दिसत नाही?"

"सर, तुम्ही एकदा स्वतः जाऊन बघाल का?"

"मी रोज जाऊन बघतोय!" चष्मेवाले कडाडले, आणि इतकं खरं वाक्य त्यांनी कंपनीपाशी दुसरं उच्चारलं नाही.

मग त्यांनी गच्ची साफ करायला घेतली. पहिला संशय कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर. त्या काढल्या, तर सगळी इमारत ओले कपडे घेऊन दारात. "आमचे टॉवेल काय उपग्रहाला टोचतात का?" एकीने विचारलं. चष्मेवाल्यांनी तिचे टॉवेल आपल्या खिडकीत वाळत घातले. आठवडाभर त्यांच्या बैठकीच्या खोलीत दुसऱ्यांच्या टॉवेलांतून गाळून आलेला उजेड पडत होता.

दोऱ्या गेल्या, ॲप म्हणालं, 'अडथळा आढळला.'

दुसरा संशय टीव्हीच्या जुन्या अँटेनावर. ती माशाच्या काट्यासारखी अँटेना कुठल्याच टीव्हीला जोडलेली नव्हती, पण कलमरावांच्या वडिलांनी लावली होती.

"समितीची मालमत्ता आहे," कलमराव म्हणाले.

"समितीला ती कशाला लागते?"

"लागत नाही. पण मालमत्ता आहे."

अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला, कारण अर्ज मंजूर करायची तरतूद नव्हती. मग बायकोनेच कलमरावांच्या पत्नीला जिन्यात गाठून काय ते सांगितलं, आणि संध्याकाळी कलमराव स्वतः पाना घेऊन अँटेना उतरवताना दिसले. कुठल्या कलमाखाली, ते कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तरी 'अडथळा आढळला.'

तिसरा बळी काकांचा, त्यांचा वाऱ्यावर फिरणारा पत्र्याचा कोंबडा. काकांनी तो जड हाताने काढून दिला. "हा होता म्हणून मी वाऱ्याबद्दल कधी चुकलो नाही," म्हणाले. पावसाबद्दल काही बोलले नाहीत.

गच्ची आता तळहातासारखी मोकळी झाली. इमारतीत चष्मेवाल्यांशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं, पण एका पाखरालाही बसायला वर काठी राहिली नव्हती. आणि चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

सकाळी बायको निळी साधी कुर्ती घालून पडद्यासमोर बसली. हात दिसायला मागे साधा रंग लागतो, म्हणून भिंतीवरची घड्याळं, कॅलेंडरं सगळं उतरवलं होतं. तिने बोटं एकदा मिटली, उघडली.

"तू अजिबात काळजी करू नकोस," चष्मेवाले म्हणाले. "आज मी बिघाड व्हायची वाटच बघणार नाही. सुरुवातीपासून वर उभा राहतो."

"अहो, तुम्ही दुकानात गेलात तरी चालेल."

"आजच्या दिवशी?"

सासूबाईंनी खिडकीपाशी खुर्ची ओढून घेतली. ठरलं असं, की पेटीचा दिवा लाल झाला तर त्यांनी काठीने खिडकीच्या गजांवर एक ठोका द्यायचा, पांढरा झाला तर दोन.

चष्मेवाले वर पोचले तर तिथे काका, शिवणकामवाल्या काकू आणि कलमराव आधीच हजर. राग होता, पण बघायची हौस रागापेक्षा मोठी होती.

"हातगुण बघायला आलो," काकू म्हणाल्या.

"नियमांचा भंग होतो का ते बघायला आलो," कलमराव म्हणाले.

"मी सहज," काका म्हणाले.

चाचणी सुरू झाली. चष्मेवाले डिशपाशी गेले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, आणि त्यांनी तिच्यात बघितलं.

ठण्ण.

"गेलं!" काकू किंचाळल्या. सगळे पुढे सरसावले. चार डोकी डिशवर वाकली.

ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

"दोन ठोके म्हणजे आलं ना?" काकांनी विचारलं.

"तीन आहेत," कलमराव म्हणाले. "तीनची तरतूद नाही."

चष्मेवाल्यांनी घाईघाईने खिशातून फोन काढला. ॲप उघडलं. 'अडथळा आढळला.' "कुठाय?" ते ओरडले. दोऱ्या नाहीत. अँटेना नाही. कोंबडा नाही. त्यांनी चारी बाजूंना बघितलं, वर बघितलं, आणि मग खाली, डिशच्या पांढऱ्या पाठीवर बघितलं. तिथे एक सावली होती. गोल, कानांसकट. शेजारी आणखी तीन.

चष्मेवाले एक पाऊल मागे सरले. सावली सरली. बाकीचे घाबरून त्यांच्याबरोबर मागे झाले.

ठण्ण ठण्ण.

आता कुठलाही शहाणा माणूस इथेच थांबला असता. बायकोची नोकरी खाली पडद्यावर लटकत होती. पण माणसाला एखादी गोष्ट कळली की ती खरंच कळली का, हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. चष्मेवाल्यांनी हळूच मान पुढे केली.

ठण्ण.

मागे घेतली.

ठण्ण ठण्ण.

"जावईबापू!" खालून सासूबाईंचा आवाज आला. "वर काय खेळ मांडलाय? तुमचे पाय वाजले की दिवा जातो! एका जागी पडा गप!"

एवढे दिवस नाक खुपसून आपणच बिघाड करत होतो, आणि नाक काढून घेतलं की दुरुस्ती झाली म्हणून छाती फुगवत होतो. चष्मेवाल्यांचा चेहरा असा झाला, की काकूंनी हातगुणाचं नाव पुन्हा काढलं नाही.

"मी खाली जातो," काका म्हणाले आणि निघाले. जिन्याचं दार डिशच्या पलीकडे होतं.

ठण्ण.

"थांबा!" चष्मेवाले घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कुणी हलायचं नाही. हिला सगळ्या बाजूंचं आभाळ लागतं. आडवे व्हा."

"काय?"

"आडवे व्हा! सगळे! हिच्यापेक्षा खाली!"

शिवणकामवाल्या काकू सगळ्यात आधी झोपल्या. मग काका. कलमराव उभेच होते.

"समितीचा सचिव गच्चीवर आडवा पडतो हे—"

"तुमच्या त्या भोकापायी ती गुडघ्याएवढी आहे," चष्मेवाले पडल्या पडल्या म्हणाले. "खांबावर असती तर तुम्ही नाचला असतात तरी चाललं असतं."

कलमरावांनी नियमावली डोक्याखाली घेतली आणि आडवे झाले.

ठण्ण ठण्ण.

मग ठोके आले नाहीत. कोवळं ऊन होतं. चौघं उताणे पडले होते, आणि डोळ्यांसमोर आभाळ सोडून बघण्यासारखं काहीच नव्हतं, कारण बाकी सगळं चष्मेवाल्यांनी काढून टाकलं होतं.

"तो दिसतो का हो?" थोड्या वेळाने काकूंनी कुजबुजत विचारलं. "उपग्रह?"

"दिवसा नाही दिसत," काका म्हणाले.

"पण आत्ता असेल ना वर?"

"एक गेला असेल. दुसरा येत असेल."

"म्हणजे वहिनींचे हात आत्ता इथून, आपल्या अंगावरून, वर चाललेत?"

सगळ्यांनी नकळत पोट आत घेतलं.

"काका," चष्मेवाले म्हणाले, "आमच्या सासूबाई विचारत होत्या. एवढ्या वरून येतं, तर घर कसं सापडतं?"

काकांनी घसा खाकरला. "खरं सांगू?" ते म्हणाले. "मला नाही माहीत."

चष्मेवाल्यांना वाटलं, या माणसाने इतक्या वर्षांत सांगितलेली ही पहिलीच खात्रीची गोष्ट असावी. "मलाही नाही," ते म्हणाले. "मी पत्ता असतो म्हणून सांगितलं."

"हॅ," काका म्हणाले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. जिन्याच्या दारात पावलं वाजली. मान कुणीच वर केली नाही. फक्त डोळे तिकडे वळवले. दारात बायको उभी होती. समोर इमारत समिती, हवामान खातं, शिवणकाम आणि नवरा ओळीने उताणे पडलेले. सकाळभर तिचं बोलणं हातांतच होतं, ते अजून तिथेच राहिलं असावं. तिने दोन्ही तळवे कमरेपाशी आणले, आभाळाकडे वळवले.

हाच तो फोटो. इथेच अडकलं होतं.

या वेळी अडकलं नाही. तळवे सावकाश वर गेले, छातीपर्यंत.

"उठा म्हणतायत," काकू म्हणाल्या, आणि उठल्या.

"मिळालं का?" चष्मेवाल्यांना उठायचं भान नव्हतं.

"सुरुवातीला दोन-तीनदा गेलं," बायको म्हणाली. "परीक्षक बाईंनी विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, नवरा गच्चीवर डोकावतोय, पाय वाजतायत डोक्यावर. त्या इतक्या हसल्या की त्यांचंच चित्र हललं. म्हणाल्या, आमच्याकडेही आहे एक. थांबू आपण."

"मग?"

"मग कुणीतरी डोकावायचा थांबला. पुढे एकदाही अडकलं नाही. सोमवारपासून रुजू व्हायचंय."

काकांनी टाळी वाजवली. कलमराव मात्र हलले नाहीत. त्यांची पाठ धरली होती. नियमावली मानेखालून काढायलासुद्धा दोघं लागले, आणि तिला धरून ते जिना उतरले तेव्हा जाता जाता म्हणाले, खांबासाठी एक छोटं भोक पाडायला हरकत नाही, सभा नंतर दाखवू.

चष्मेवाले अजून आडवेच होते. त्यांनी पडल्या पडल्या आपले तळवे कमरेपाशी धरले आणि वर नेले. थोडं वेडंवाकडं झालं. पुन्हा केलं.

"हे त्या दिवशी सरावात तू कुणाला म्हणत होतीस?"

"रुग्णाला. तपासणी झाली होती, डॉक्टरांनी 'उठा' म्हणून सांगायला लावलं. तेवढ्यात तुम्ही वर जाऊन डोकावलात." बायकोने त्यांना हात दिला. "बिचारा अजून तसाच पडून असेल."